उजेडाने धुतलेली हवा

हवा उजेडाने निर्जंतुक करता येते! हे डोळ्यांनी पाहून आल्यापासून नवेगाव बांधात जो भेटेल त्याला मी तेच सांगत सुटलोय.

माझा भाचा नागपुरात मोठ्या इमारतींच्या एसीची देखभाल करतो. त्याने मला एका व्यापारी संकुलाच्या गच्चीवर नेलं. तिथे खोलीएवढी पत्र्याची पेटी होती. ते लोक तिला एएचयू म्हणतात. खालच्या मजल्यांवरची हवा तिच्यात येते, गार होते आणि डक्टमधून परत खाली जाते. पेटीला तळहाताएवढी काच. "मामाजी, इथून बघा." आत हवा गार करणाऱ्या कॉइलसमोर निळसर दिव्यांची ओळ, आणि कॉइलच्या पत्र्या कोऱ्या करकरीत! एरवी ओल्या कॉइलवर बुळबुळीत थर साचतो आणि एसी लावला की कुबट वास सुटतो. इथे त्याचा मागमूस नव्हता.

गंमत म्हणजे काम करतो तो हा निळा रंग नव्हेच. खरे कामाचे २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण दिसतच नाहीत. ते जंतूंच्या डीएनए-आरएनएवर असा घाव घालतात की त्यांची वाढच खुंटते. साधी काच हे किरण अडवते, म्हणून मी बिनधास्त बघत होतो. दिव्याची नळी मात्र किरण बाहेर जाऊ देणाऱ्या क्वार्ट्झची. पेटीचं दार उघडलं की दिवे आपोआप बंद!

घरी येऊन वाचत गेलो आणि थक्क झालो. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरला रिचर्ड रायली यांनी क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे सोडली. एका गटाकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील दिवे लावले, दुसऱ्याकडच्या हवेवर नाही. बिनदिव्याच्या हवेतल्या प्राण्यांना क्षयाची लागण झाली, दिव्यांखालून आलेल्या हवेतले वाचले! आणि आपल्याकडे? चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेने डक्टमध्ये बसणारी अशी यंत्रणा तयार केली. २०२१ मध्ये ती संसद भवनातल्या सेंट्रल हॉलमध्ये आणि लोकसभेच्या सभागृहात बसली.

आता आपल्या गावाचं बघा. जलाशयावर मोकळा वारा, भोवती जंगल. पण पर्यटक रात्री झोपतो तो लॉजच्या बंद खोलीत, आणि भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. डक्ट नसले तरी उपाय आहे. जेवणाचा हॉल, दवाखान्यातली बसायची जागा अशा ठिकाणी माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर, पट्ट्यांच्या आडोशाचे दिवे लावतात. किरण छताखालीच राहतात, पंखा खालची हवा वर नेतो. १९३० च्या दशकाअखेरीस विल्यम वेल्स यांनी फिलाडेल्फियाच्या शाळांत असेच दिवे लावले, तेव्हा त्या वर्गांत गोवर कमी पसरला.

लॉज आणि हॉलवाल्यांनो, याचा विचार कराच! आधी खिडक्या उघडा, फिल्टर धुवा. मग जाणकाराकडूनच दिवे बसवून किरण मोजून घ्या, कारण हे किरण उघड्या डोळ्यांना आणि कातडीला भाजतात. हातात धरायच्या, अतिनील दिव्याच्या उघड्या कांड्या घेऊ नका. आणि दिवा निळा दिसतोय म्हणून तसाच चालू ठेवू नका. साधारण ९,००० तासांनी, म्हणजे सतत जळत असेल तर वर्षाभरात, तो बदलावा लागतो.