मधली बशी

बारमधल्या टेबलावर दोन तऱ्हेची भांडी असतात. पेला ज्याचा त्याचा, बशी सगळ्यांची. पेल्यात काय घ्यायचे, किती घ्यायचे आणि कुठे थांबायचे हे ज्याने त्याने ठरवायचे. चखण्याची बशी मात्र टेबलाच्या मधोमध येते आणि चारी बाजूंनी हात तिच्याकडे जातात. मुंबईच्या नव्या बारमध्ये तिला आता ‘शेअरिंग प्लेट’ म्हणतात आणि तिच्याबरोबर कॉकटेल येते. नाव नवे असले तरी मुंबईच्या मराठी माणसाशी या बशीची ओळख जुनी आहे. त्याच्या वयाबरोबर तिचे रूप बदलत आले आहे.

१९६०च्या सुमारास गिरगावात किंवा परळला चाळीच्या दोन खोल्यांत जन्मलेल्या मुलाची पंगत निराळ्या शिस्तीची होती. ताट ज्याचे त्याचे आणि उष्ट्याचा नियम कडक. एकाने हात लावलेले पान दुसऱ्याने खायचे नाही. पाणीसुद्धा तांब्या ओठाला न लावता वरून प्यायचे. या नियमात स्वच्छता होती, तशी शिवाशिवही होती. कोणी कोणाच्या शेजारी बसून जेवायचे हे जात ठरवत असे. म्हणून तर एकत्र बसून खाण्यासाठी महाराष्ट्रात चळवळ करावी लागली. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीचा प्रसाद ठेवून सत्यनारायण घातले, ते सगळ्या जातींनी एका ठिकाणी बसून तो खावा म्हणून. एकत्र खाणे ही या मातीत साधी गोष्ट कधीच नव्हती.

मुलाला पहिली मधली बशी भेटली ती शाळेच्या मधल्या सुट्टीत. डबे उघडून मध्ये ठेवले जात. एकाची पोळी-भाजी, दुसऱ्याचा गुळांबा, तिसऱ्याची सुकटीची चटणी. ज्याला जे आवडेल त्याचा घास तो घेई. एखादीच लिमलेटची गोळी असली तर ती सदऱ्याच्या टोकात गुंडाळून चिमणीच्या दातांनी फोडायची. दात आणि गोळी यांच्यामध्ये कापड आले की ती उष्टी होत नाही, यावर सगळ्या पोरांचा विश्वास होता. घरचा नियम न मोडता वाटून खाण्याची ही युक्ती मुलांनी स्वतः शोधली होती, आणि पुढच्या साऱ्या मधल्या बश्यांचे मूळ त्या सदऱ्याच्या टोकात आहे.

त्या घरात दारूचा विषय निघाला तर कुजबुजीत निघे. मुंबई शहरात पहिली दारूबंदी १९३९ मध्ये झाली. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा त्याहून व्यापक होता आणि मोरारजी देसाईंच्या काळात तो कडकपणे राबवला गेला. मद्य घ्यायचे तर परवाना हवा. तो एका माणसाच्या नावाचा, प्रकृतीच्या कारणासाठी, ठरलेल्या मापापुरता. ज्याला तो मिळत नसे तो हातभट्टीकडे वळे किंवा आंटीच्या अड्ड्यावर जाई. आंटी आपल्या राहत्या खोलीत बाकडी टाकून पाजत असे; चणे, उकडलेले अंडे पुढे ठेवत असे. पण गिऱ्हाइकाचे कान दाराकडे लागलेले असत. चोरून प्यायच्या घोटाबरोबर गप्पा रंगत नाहीत. बापाच्या पिढीतले कितीतरी लोक एकटे आणि घाईने प्यायले, घरी आल्यावर बडीशेप चघळत गप्प राहिले. त्या पिढीच्या वाट्याला पेला आला, बशी आली नाही.

१९६०च्या दशकात महाराष्ट्र सरकारने परवान्याच्या अटी सैल केल्या आणि शहरभर ‘परमिट रूम’च्या पाट्या लागल्या. मूळ कायदा कायम राहिला, म्हणूनच ते नावही टिकले. बऱ्याच ठिकाणी गल्ल्यावर उडुपी-मंगळूरकडचे शेट्टी मालक होते. १९८५च्या आसपास नोकरीला लागलेला तरुण पहिल्या पगाराला मित्रांसह अशाच जागी शिरला. मंद दिवे, रेक्झिनची बाकडी, सनमायकाचे टेबल. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर आणि नाइन्टी म्हणजे तिची अर्धी, हा हिशेब तो तिथेच शिकला. ऑर्डर द्यायच्या आधीच वेटर चण्याची वाटी ठेवून जाई. चाखायचा तो चखणा, एवढा त्या शब्दाचा साधा अर्थ. वाटी फुकट असे, कारण खारट खाल्ले की तहान लागते आणि दुसरा पेला मागवला जातो.

खरी मधली बशी मसाला पापडाची. भाजलेला किंवा तळलेला उडदाचा पापड, त्यावर बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, वर तिखट, चाट मसाला आणि लिंबू. टेबलावर आल्यापासून तो दोन-तीन मिनिटेच कुरकुरीत राहतो. टोमॅटोचे पाणी सुटले की मधून मऊ पडतो. म्हणून त्याच्या बाबतीत कोणी कोणासाठी थांबत नाही. कडेचा तुकडा मोडायचा, त्यावर कांदा-टोमॅटो ओढून घ्यायचा आणि तोंडात टाकायचा. चार हात एकाच वेळी एकाच पापडावर पडतात आणि उष्ट्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. त्याच्या पाठोपाठ शेंगदाणा मसाला, बोंबील फ्राय, कधी कोळंबी कोळीवाडा. या शेवटच्या पदार्थाच्या नावात कोळीवाडा असला, तरी तो रुजवला फाळणीनंतर सायन कोळीवाड्यात वसलेल्या पंजाबी निर्वासितांनी. कोळ्यांची कोळंबी, पंजाबी मसाला आणि शेट्टींची कढई: बशीत सगळे शहर आलेले असे. बिल मात्र टीटीएमएम, म्हणजे तुझे तू, माझे मी. गंमत अशी की पेल्यांचा हिशेब वेगवेगळा झाला तरी बशीचे पैसे सारखेच वाटले जात. कोणी किती तुकडे खाल्ले हे मोजणे कमीपणाचे होते.

कॉकटेल त्या टेबलावर उशिरा आले. १८०६ मध्ये अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राने त्याची व्याख्या छापली: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे मुळ्या-सालींचा कडू अर्क. पण मद्य, आंबट आणि गोड यांचे मिश्रण त्याच्याही आधीचे आहे आणि त्याचा एक धागा आपल्या किनाऱ्याशी जुळतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांच्या लिखाणात ‘पंच’ या पेयाचा उल्लेख १६३२ पासून सापडतो. सतराव्या शतकात इकडे आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर याने गोव्याच्या अरकाची तारीफ केली आणि ‘पंच’ हे नाव पाच या आकड्यावरून आल्याचे लिहिले. अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे त्याचे पाच घटक मानले जातात. हे पेय एका मोठ्या वाडग्यात करून त्यातून सगळ्यांना वाढत. म्हणजे मिसळलेल्या मद्याच्या त्या जुन्या रूपात पेयसुद्धा मधल्या बशीसारखेच सामाईक होते.

मुंबईत ताजमहाल हॉटेलचा हार्बर बार १९३३ पासून आहे, पण तो चाळीतल्या मुलाच्या आवाक्याबाहेरचा. कॉकटेल त्याच्यापर्यंत पोचले ते गिरण्यांच्या जमिनीवर. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर एकेक गिरणी थंडावली आणि पुढे लोअर परळच्या त्याच आवारांत कचेऱ्या, उपाहारगृहे आणि बार उभे राहिले. जिथे पाळीचा भोंगा वाजत असे तिथे आता रात्री टेबले भरतात. २९ डिसेंबर २०१७ला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ माणसे गेली. त्या जागी हसत-खेळत बसताना या दोन्ही गोष्टींची आठवण ठेवली पाहिजे.

पंचावन्नाव्या वर्षी तो माणूस बायको, मुलगी आणि दोन जुन्या मित्रांसह अशा बारमध्ये बसतो. काउंटरवरची मुलगी ६० मिलिलिटर जिन मापून ओतते, कोकमाचे आगळ, साखरेचा पाक आणि लिंबू घालते, बर्फ भरते आणि शेकर दोन्ही हातांनी बारा-पंधरा सेकंद जोराने हलवते. शेकरच्या धातूवर बाहेरून धुके धरते. एवढ्या वेळात पेय थंड होते आणि बर्फाचे पाणी त्यात मिसळून मद्याची धार उतरते. तो एक घोट घेतो आणि त्याला सोलकढीची वाटी आठवते. टेबलावर मध्ये बश्या येतात: बोंबील, भाजलेले रताळे, खिमा आणि छोटे पाव. पावांची संख्या चार, माणसे पाच. त्याची मुलगी एका पावाचे दोन तुकडे करते आणि अर्धा बापाच्या बशीत ठेवते. त्याच्या आईने असा बार कधी पाहिला नाही; बायकोही परमिट रूमच्या दारातून कधी आत गेली नव्हती. मधल्या बशीच्या सगळ्या प्रवासात हा बदल सर्वांत मोठा आहे. पूर्वी तिच्याभोवती फक्त पुरुषांचे हात होते.

बशीचा उपयोग केवळ सोबतीचा नाही. मद्य मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात शोषले जाते. पोटात अन्न असले तर मद्य जठरात जास्त वेळ थांबते आणि रक्तात हळू उतरते. रिकाम्या पोटी घेतलेला पेला म्हणून लवकर चढतो. कायद्याची मापेही ठरलेली आहेत. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात, कडक मद्यासाठी २५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणे गुन्हा आहे.

साठीनंतर टेबलावरचे पेले कमी होतात. एकाला डॉक्टरांनी बंदी केलेली असते, एकाने आपणहून सोडलेली असते, एकाला घरी गाडी न्यायची असते. त्यांच्यापुढे कोकम सरबत किंवा ताजा लिंबू-सोडा असतो. पण पापड तोडायला हात पूर्वीइतकेच पुढे होतात. संध्याकाळ पेल्यांवर चालली असती तर या माणसांनी येणे केव्हाच थांबवले असते.

म्हणून बारमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला सांगणे एवढेच: पेला मागवण्याआधी बशी मागवा, ती टेबलाच्या मधोमध ठेवा, आणि जो पीत नाही त्याच्या हाताला ती सर्वांत जवळ राहील असे बघा.