ध्रुववृत्तांतील रथसप्तमी

शिशिराचें वर्णन आपल्या काव्यांत विपुल आहे. परंतु तो शिशिर दंवाचा, पानगळीचा आणि शेकोटीचा. जेथें सूर्य कित्येक आठवडे क्षितिजावर येतच नाहीं, तेथील शिशिराची कल्पना देशावरील माणसास केवळ ग्रंथांवरून यावयाची नाहीं. नॉर्वे देशाच्या उत्तर भागांत त्रोम्सो नांवाचें नगर सुमारें ६९ अंश ४० कला अक्षांशावर वसलेलें आहे. तेथील विद्यापीठांत माझे चिरंजीव अध्यापन करितात. त्यांच्या बिऱ्हाडीं मी हिंवाळ्यास राहिलों असतां, २०२४ सालच्या फेब्रुवारींत आमच्या वडील वहिनी पुण्याहून नातीस पाहावयास आल्या, आणि त्यांच्या संगतींत तेथील हिंवाळ्याचा उत्तरार्ध पाहण्याचा योग आला.

नगर बेटावर आहे. १९६० सालीं बांधलेल्या लांब पुलानें तें मुख्य भूमीशीं जोडलेलें असून, पुलाच्या पलीकडच्या टोकास १९६५ सालचें त्रिकोणी आकाराचें शुभ्र प्रार्थनामंदिर उभें आहे. इतक्या उत्तरेस असूनहि बंदर गोठत नाहीं, कारण अटलांटिक महासागरांतील उष्ण प्रवाह या किनाऱ्यापर्यंत पोंचतो. फेब्रुवारींत सरासरी उष्णमान शून्याखालीं तीन-चार अंशच असतें. थंडीहून अधिक भय निसरड्या बर्फाचें. लोक बुटांच्या तळास लोखंडी कांटे बांधून चालतात. वहिनींनीं लुगड्यावर लोंकरीचा पायघोळ अंगरखा चढविला, कांटे बांधले, आणि पहिल्याच दिवशीं बंदरापर्यंत जाऊन आल्या. बंदराजवळच आमुंडसेनचा पुतळा आहे. दक्षिण ध्रुव प्रथम गांठणारा हा वीर १९२८ सालीं हरवलेल्या सहप्रवाशांच्या शोधार्थ येथूनच विमानानें निघाला, तो परत आला नाहीं. तें ऐकून वहिनी कांहीं वेळ तेथें उभ्या राहिल्या.

त्रोम्सोंत २७ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य दिसेनासा होतो, तो १५ जानेवारीच्या सुमारास क्षितिजावर परत येतो. पण डोंगर आड येत असल्यानें नगरास त्याचें दर्शन २१ जानेवारीच्या आसपास घडतें. त्या दिवशीं मुलांना गोड पाव वाटतात. आपली संक्रांत ती हीच, असें वहिनी म्हणाल्या. पुढें दिनमान रोज सुमारें दहा मिनिटांनीं वाढतें. निरभ्र रात्रीं आकाशांत हिरवट प्रकाशाचे पडदे हालतात. सूर्याकडून येणारे विद्युत्कण सुमारें शंभर किलोमीटर उंचीवर प्राणवायूवर आदळले म्हणजे हा वर्ण उमटतो. वहिनींनीं त्यास हात जोडले व त्या आंत गेल्या. थंडी फार होती.

१६ फेब्रुवारीस रथसप्तमी आली. पांढऱ्या बर्फावर पांढरी रांगोळी उमटेना, म्हणून वहिनींनीं हळदीकुंकवानें सज्जांत सूर्याचा रथ काढला. गोवऱ्या कोठून मिळणार? प्रवासाच्या लहान शेगडीवर बोळक्यांत दूध ठेविलें. मी पावणेपांचापासून जागा होतों. त्या सुमारास पूर्वेकडे पहिला फिकट उजेड उमटला. सूर्योदय पंचांगाप्रमाणें सव्वाआठच्या सुमारास! पुण्यास हें अंतर सव्वा तासाचें. येथें साडेतीन तास उषःकालच चालला होता. काळसर निळा, जांभळा, गुलाबी, केशरी असे रंग सावकाश पालटत, आणि क्षितिजावर सरळ वर न चढतां उजेड तिरपा सरकत गेला.

लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथाचा आधार हाच आहे. ऋग्वेदांत उषांचा अनेकवचनी निर्देश येतो. पहिला उजेड आणि सूर्योदय यांमध्यें अनेक दिवस गेल्याचें वर्णन आहे. तैत्तिरीय संहितेंत रात्र उजाडेल कीं नाहीं या प्राचीनांच्या भीतीचा उल्लेख आहे. मनुस्मृतीनें तर मानवी वर्ष हा देवांचा एक अहोरात्र मानिला. यांवरून टिळकांनीं आर्यांचें मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ मानिलें. स्वतः त्यांनीं तो प्रदेश कधींहि पाहिला नव्हता. आज या मतास मान्यता नाहीं. सुमारें २०,००० वर्षांपूर्वीं हा भाग जाड हिमाखालीं होता. आणि भाषाशास्त्र व प्राचीन अस्थींतील आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास यांवरून बहुतेक विद्वान काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशाकडे बोट दाखवितात. तथापि ज्यानें हा उषःकाल डोळ्यांनीं पाहिला, त्यास तीं सूक्तें निराळ्याच रीतीनें उमगतात.

हें मी वहिनींस सांगत होतों. त्यांनीं विचारलें, “भावोजी, डिसेंबरांत सूर्यच नव्हता, तर तुम्ही अर्घ्य कुणाला दिलेंत?”

“घड्याळ पाहून, दक्षिणेकडे जेथें दुपारीं थोडें फटफटे, त्या दिशेस,” मी म्हणालों.

“मग बरोबर केलेंत. डोंगराआड असला म्हणून काय झालें? असतोच तो.” आणि थोड्या वेळानें म्हणाल्या, “आपले पूर्वज इथून आले असोत वा नसोत. आपली नात मात्र इथलीच. तिला हें ठाऊक असायला हवं.”

डोंगरांमुळें बिंब दिसावयास आणखी बराच अवकाश लागला. दूध उतूं गेलें, तें बर्फावर सांडून तत्काळ गोठलें. नात झोंपेंतून उठून आली होती. तिला वहिनींनीं हातांत अक्षता देऊन नमस्कार करावयास शिकविलें. मध्याह्नीं सूर्य क्षितिजाहून जेमतेम आठ अंश वर आला, आणि साडेसात तासांचा दिवस संपला.

सूर्योपासनेचे आपले विधि ज्या भूमींत घडले, तेथें सूर्य रोज येतो. त्यामुळें त्याच्या न येण्याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. आज आपली मुलें पृथ्वीच्या सर्व अक्षांशांवर पसरत आहेत. प्रत्येक ठिकाणीं वेळ, दिशा, साहित्य हीं पालटणारच. कोणती गोष्ट पालटूं द्यावी आणि कोणती राखावी, याचा निर्णय घरांतील वडील मंडळींनीं हयातींत, मुलांच्या घरीं जाऊन व तेथील आकाश पाहून करावा, हें उत्तम. वहिनी मार्चच्या आरंभीं परतल्या. त्यांनीं काढलेल्या रथाचा कुंकवाचा रंग सज्जांतल्या बर्फांत त्यानंतरहि कांहीं दिवस दिसत होता.