एक रात्र जागलीची

मैत्रिणींनो, दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की मुलांची भुणभुण सुरू होते, "आता काय करू?" गेल्या दिवाळीत आमच्या अकरा वर्षांच्या चिरंजीवांनी तर हट्टच धरला, तंबूत राहायचं आणि जिओकॅशिंग खेळायचं! तंबूचं कळलं, हे दुसरं प्रकरण मला त्याच्याकडूनच शिकावं लागलं.

खेळ तसा सोपा आहे. कुणीतरी एका जागी डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी मोबाइलच्या मदतीनं तिथं पोचून डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची. आतली वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तिथंच ठेवून यायचं. जागा दाखवणाऱ्या उपग्रहांच्या संदेशात अमेरिकेचं सरकार पूर्वी मुद्दाम चूक ठेवत असे. मे २००० मध्ये ती काढून टाकली आणि लगेच ३ मेला तिथल्या ऑरेगन राज्यात एका गृहस्थानं रानात बादली लपवून हा खेळ सुरू केला.

आम्ही राहतो भंडाऱ्याला. जवळच कोका अभयारण्य आहे, पण तिथं आपल्या मनानं तंबू ठोकता येत नाही, डबे लपवणं तर दूरच! आमचं हे बोलणं मामाजी, म्हणजे माझे सासरे, ऐकत होते. ते म्हणाले, "जंगलात काहाले जाता? आपल्या वावरात जागलीले चला."

जागल म्हणजे पिकाची रात्रीची राखण. भंडारा हा धानाचा जिल्हा. लोंब्या भरल्या की रानडुकरं येतात, म्हणून शेतात मांडव घालून रात्र जागवायची. मामाजींनी अशा कितीतरी रात्री काढलेल्या. सासूबाई गेल्यावर मात्र जमीन बटईनं दिली आणि ते आमच्याकडे येऊन राहिले. त्यानंतर गावाचं नावही त्यांनी फारसं काढलं नव्हतं. ह्यांना कचेरीतून सुटी नव्हती, तेव्हा आजोबा, नातू आणि मी असे तिघंच साकोलीच्या बसमध्ये बसलो.

साकोलीहून पुढे ऑटोनं गावी पोचलो. हलक्या धानाची कापणी झाली होती, भारी धान अजून उभं होतं. आमचं शेत मामा तलावाच्या पाळीला लागून आहे. "कुणाच्या मामाचा तलाव?" चिरंजीवांनी विचारलं. अहो, "माजी मालगुजारी" याचंच लोकांनी "मामा" करून टाकलं! आमच्या भागात असे तलाव गावोगाव आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचं कसब मोठं. नुसती मातीची पाळ घालून पावसाचं पाणी अडवायचं आणि तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडातून, पाटानं बांध्यांना द्यायचं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले, पण त्यातल्या कित्येकांच्या पाण्यावर अजून धान पिकतं.

चिरंजीव बटईदाराच्या मुलांबरोबर तंबू ठोकण्यात गुंतले, तेवढ्यात मामाजी आणि मी स्टीलचा डबा लपवायला निघालो. आत काय आहे ते त्यांनी मला दाखवलं नाही. पाळीवरून ते इतके भराभर चालले की मला गाठता येईना. तुडुमापाशी मात्र खाली वाकले आणि हातानं दगड चाचपू लागले. मी आकडे टिपायला मोबाइल काढला, डबा बाजूनं पुढे केला, तर त्यांना तो दिसलाच नाही.

"मामाजी, तुम्हाला दिसत नाही का?"

"समोरचं दिसते. बाजूचं गेलं."

"केव्हापासून?"

"तुझी सासू होती तवापासून. सांगून तुमचा जीव काहाले टांगणीले लावू?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाजूला ठेवलेला पाण्याचा पेला त्यांच्या हातानं लवंडायचा, दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, आणि मी "जरा बघून हो" म्हणून फडकं आपटायची. शाळेत फळ्यावरचं न दिसणारं मूल मला लगेच ओळखू येतं. घरातला माणूस मात्र ओळखता आला नव्हता.

रात्री पळसाच्या पानांत थापलेले पानगे गोवऱ्यांवर भाजले, सोबत वांग्याची भाजी. मग मामाजी मधूनमधून रिकामा डबा बडवत आणि नातू तंबूतून "हो हो" ओरडे. डुकरं आली नाहीत. झोपही आली नाही!

सकाळी शोध सुरू झाला. फोन मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो, पण पाळीवर आंब्या-जांभळांची दाट सावली. बाण कधी पाण्याकडे वळे, कधी धानाकडे. तासाभरानं पोरगं रडकुंडीला आलं. मामाजी बाजेवरूनच म्हणाले, "तुडुमाच्या दगडाले पाठ लाव. समोर तुझ्या आजीनं लावलेलं जांभूळ आहे. त्याच्या बुडाशी, सूर्य उगवते त्या अंगाले पाहा."

डबा सापडला! आत एक वही आणि एक कागद. कागदावर मामाजींच्या वाकड्या, ठळक अक्षरांत खुणा लिहिलेल्या : धुऱ्याचा दगड कोणत्या झुडपाखाली बुजला आहे, कोणत्या बांधीचा बांध खेकडे पोखरतात, तलाव भरला की पाणी आधी कुठं चढतं. सातबाऱ्यात यातलं काही नसतं. नजर आहे तोवर लिहून ठेवलेलं!

चिरंजीवांनी वहीत तारीख घातली, कागद घेतला आणि खेळाच्या नियमाप्रमाणे आपली लाडकी विजेरी डब्यात ठेवली. मग आजोबांचा हात खांद्यावर घेऊन दोघं धुऱ्यावरून निघाले. एक वाचत होता, दुसरा पायानं दाखवत होता.

परत आल्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, पण रोज थेंब घालून उरलेली जपता येते. म्हणून सांगते, चाळिशी उलटली की डोळ्यांचा दाब तपासून घ्या. घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच, कारण त्याला बहुतेक वेळा दुखणं-खुपणं काही नसतं.

आणि जागलीला जाणार असाल तर एवढं करा : गावालगतचंच शेत निवडा आणि मालकाला विचारा. उंच बूट, विजेरी आणि मच्छरदाणी घ्या. शेकोटी तणसापासून लांब पेटवा. पाळीवर मुलांना एकटं सोडू नका.

यंदाच्या दिवाळीत डबा आजोबा आणि नातू मिळून लपवणार आहेत. शोधायचा आहे मी, आणि फोन घरी ठेवायचा, अशी दोघांची अट आहे!