पडद्यापलीकडचं महागाव

मृगाचा पाऊस पडून गेला की महागावचे आवाज बदलतात. नागपूर-तुळजापूर रस्त्यावरच्या ट्रकांची चाकं पाण्यातून सळसळत जातात. पूस नदीला गढूळ पाणी येतं आणि उन्हाळाभर मुकी असलेली ती रात्री घरात ऐकू येऊ लागते. पऱ्हाटीच्या तासांतून डवरा फिरतो, बैलांच्या गळ्यातली घाटी वाजते, मधेच कोणीतरी लांबून बैलाला नावानं दटावतं. आणि पत्र्यावरचा पाऊस, ज्याच्याखाली घरातली सगळी बोलणी बुडून जातात. २०२३च्या जुलैत तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुरानं वेढा घातला आणि अडकलेल्या माणसांसाठी वायुदलाचं हेलिकॉप्टर मागवावं लागलं. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की इथली माणसं नुसती आभाळाकडे बघत नाहीत, कान देऊन नदीही ऐकतात.

हे सगळं ऐकणं एका पापुद्र्यावर उभं आहे, याचा विचार मला पावसाळ्यात हटकून येतो. कानाचा पडदा जेमतेम नऊ-दहा मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड. एवढ्यात त्याचे तीन थर: बाहेर कातडी, मधे ताण धरणारे तंतू, आत ओलं अस्तर. त्याला टेकून हातोडी, मग ऐरण, मग रिकीब. यातलं रिकीब शरीरातलं सगळ्यांत लहान हाड, तीन मिलिमीटरच्या आसपास. हवेतली थरथर पडद्यावर येते आणि ही तीन हाडं ती आतल्या कानाच्या एका चिमुकल्या खिडकीवर नेऊन देतात. पडद्याचं थरथरणारं क्षेत्र त्या खिडकीच्या सतरापट. मोठ्या जागेवरचा दाब एवढ्याशा जागी एकवटतो, हाडांची तरफ त्यात भर घालते, आणि आवाजाचा जोर वीसपटींहून जास्त होतो. म्हणून तर आतल्या कानातलं पाणी हलतं आणि ऐकू येतं. पडद्याला भोक पडलं की हा हिशेबच बिघडतो. भोक बारीक असेल तर फरक कळतही नाही. मोठं असेल तर घाटी वाजते पण दूरच्या शिवारात वाजल्यासारखी, आणि आईची हाक कुजबुज होऊन येते.

शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या एका मुलाचा डावा कान पावसाळाभर वाहायचा. कानात कापसाचा बोळा. घरात वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगातून तोडलेला, सरकीचा कण अडकलेला. त्याची आजी म्हणायची, "कान वाह्यते त्याचा, मोठा झाला का थांबन." वास यायचा म्हणून पोरं बाकावर सरकून बसत. तो मान तिरकी करून उजवा कान फळ्याकडे ठेवायचा आणि ही त्याची बसायची खोड आहे असं सगळे धरून चालले होते. त्याला कोणी दवाखान्यात नेलं नाही, कारण तो आजारी आहे असं कोणाला वाटतच नव्हतं. इतक्या घरांत इतक्या पोरांचे कान वाहत होते की दात पडण्यासारखंच ते एक वय मानलं गेलं होतं. महागावात काय, वऱ्हाडातल्या आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आजही हेच मानलं जातं. हा लेख मी त्या आजीच्या एका वाक्यासाठी लिहितो आहे. थांबत नाही, आजी.

बहुतेक पडदे बाहेरून फुटत नाहीत, आतून फुटतात. घशामागून मधल्या कानाकडे एक नळी जाते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळपास आडवी असते. सर्दी झाली की जंतू त्याच वाटेनं वर चढतात. तान्ह्याला सपाट झोपवून बाटलीनं पाजलं तर दूधही तिकडे जाऊ शकतं. मधल्या कानात पू साठतो, पडदा फुगतो, पोर रात्रभर कळवळतं आणि पहाटे अचानक शांत झोपतं. उशीवर डाग दिसतो. दुखणं थांबलं म्हणून घर सुटकेचा श्वास टाकतं, पण ते थांबलेलं असतं पडदा फाटला म्हणून. अशा वेळी लगेच औषध मिळालं तर बहुतेक पडदे आपोआप मिटतात. नाही मिळालं, सर्दीमागून सर्दी होत राहिली, तर भोक कायमचं राहतं आणि कान वर्षानुवर्षं वाहतो.

बाहेरून फाटायची कारणं आपल्या हातातली आहेत, शब्दशः. आगकाडी, केसांची पिन, मोटरसायकलची चावी. दिवाळीचा सुतळी बॉम्ब कानाजवळ. आणि कानाखाली बसलेला उघड्या हाताचा फटका. तळवा कानावर झाकणासारखा बसतो, आतली हवा दाबली जाते आणि पडदा फाटतो. नवऱ्यानं बायकोला, बापानं पोराला, गुरुजींनी विद्यार्थ्याला. शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्याच्या १७व्या कलमानं शाळेतली मारहाण बंद केली. एका कानाचं ऐकणं कायमचं गेलं तरी कायदा त्याला गंभीर दुखापत म्हणतो. आधी भारतीय दंड संहितेत तसं होतं, आता भारतीय न्याय संहितेतही आहे. तरी 'एक ठेवून दिली' हे आपण अजून सहज सांगतो. मला हे सहज सांगणं सहन होत नाही.

कान वाहू लागला की मग घरगुती उपाय सुरू होतात. लसूण घालून कोमट केलेलं तेल, तव्यावर गरम केलेल्या रुईच्या पानाचा रस. माया असते त्यात, रात्री उठून कंदिलाच्या उजेडात थेंब मोजणारी माया. पण फुटलेल्या पडद्यातून ते तेल थेट मधल्या कानात उतरतं आणि जंतूंचं फावतं. दुकानातून आणलेल्या थेंबांचीही खात्री नाही. जेंटामायसिनसारखं औषध भोकातून आतल्या कानापर्यंत गेलं तर ऐकण्याच्या नसेलाच इजा होऊ शकते. आणि कापसाच्या या मुलखात कापसाबद्दलही सांगायला हवं. बोंडातून काढलेल्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, तो पू शोषत नाही, नुसतं तोंड बुजवतो, वर शेतातली धूळ आत नेतो. दवाखान्यातला कापूस ते मेण काढून टाकलेला असतो. आंघोळीपुरता त्याच स्वच्छ कापसाचा बोळा व्हॅसलिन लावून कानाच्या तोंडाशी ठेवायचा, म्हणजे पाणी आत जात नाही. आंघोळ झाली की काढून टाकायचा. पूस नदीतली डुबकी त्या वर्षी नाही.

होळीला बंजारा तांड्यावर लेंगी गाणी सुरू होतात तेव्हा डफ शेकायला घेतात. डफाचं कातडं एकदा फाटलं की संपलं, नवं मढवावं लागतं. कानाचा पडदा मात्र जिवंत आहे. त्याची कातडी मधून बाहेरच्या बाजूला रोज साधारण मिलिमीटरचा दहावा भाग सरकत असते आणि मळही तीच बाहेर आणते, म्हणून काडी घालायची गरजच नसते. फटक्यानं किंवा काडीनं फाटलेला पडदा कान कोरडा ठेवला तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत, स्वतःच भरून येतो. डॉक्टर तेव्हा सहसा थेंबही देत नाहीत, नुसतं थांबायला सांगतात. कानात पिचकारी मारायची नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. मात्र त्या फटक्यानंतर चक्कर येत असेल किंवा एकदम ऐकू येईनासं झालं असेल तर थांबायचं नाही.

जुनं भोक भरत नाही, त्याला शस्त्रक्रिया लागते. कानाच्या वरच्या बाजूला, कानशिलाच्या स्नायूवर एक पातळ पांढरं आवरण असतं. त्याचा तुकडा काढतात, पसरून वाळवतात आणि भोकाखाली सरकवून ठेवतात. त्या आधारावर पडद्याची कातडी वाढत येते. चांगल्या हातांत दहातले आठ-नऊ पडदे टिकतात. युरोपात १६४०मध्ये मार्कुस बान्त्सर यानं डुकराच्या मूत्राशयाची त्वचा लावून भोक झाकायचा प्रयत्न केला होता. खरी वाट उघडली ती १९५०च्या दशकात, जर्मनीत वुलश्टाइन आणि झ्योल्नर यांच्या हातून, शस्त्रक्रियेची सूक्ष्मदर्शकं आली तेव्हा. त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे सुश्रुतानं आपल्या संहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग मोजले, त्यांत कर्णस्राव वेगळा आणि दुर्गंधी येणारा पूतिकर्ण वेगळा.

हा वेगळेपणा आजच्या डॉक्टरांनाही महत्त्वाचा वाटतो. भरपूर, पातळ, फारसा वास नसलेलं पाणी येत असेल तर धोका कमी. थोडाच पण कुजका, घाण वासाचा पू येत असेल तर आत कातडीची गाठ वाढत असू शकते आणि ती हाड खात जाते. चेहऱ्याच्या नसेपर्यंत गेली तर तोंड वाकडं होतं, मेंदूपर्यंत गेली तर जिवावर बेततं. वाहणाऱ्या कानाबरोबर ताप, खूप डोकेदुखी, चक्कर किंवा कानामागे सूज असेल तर दुसऱ्या दिवसाची एसटी बघत बसू नये.

माझ्या शेजारच्या त्या मुलाची शस्त्रक्रिया झाली, पण पस्तिशी ओलांडल्यावर. दुसऱ्या तपासणीहून परतताना एसटीत कंडक्टरच्या मशीनमधून तिकीट निघतानाची किरकिर त्याला डाव्या कानानं ऐकू आली. हे सांगताना तो हसत होता. मग म्हणाला, "शाळेत असताना झालं असतं तर मी शिकलो असतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शस्त्रक्रिया कान देते, गेलेले वर्ग देत नाही.

२०१३च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातल्या पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात, आणि तपासायच्या तीस दोषांच्या यादीत मधल्या कानाचा दाह आहे, ऐकू कमी येणंही आहे. पुढच्या उपचारांसाठी यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडलाही शासकीय महाविद्यालय आहे. दोन्हीकडे जायचा रस्ता महागावातूनच जातो. खर्चाची भीती असेल तर जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड बरोबर न्या. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादं पोर मान तिरकी करून ऐकत असेल, उशीवर डाग दिसत असेल, तर त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या, याच आठवड्यात. आणि शाळेत तपासणीचं पथक येणार असेल त्या दिवशी त्याला कापूस वेचायला शेतात नेऊ नका, शाळेत पाठवा.