वीस बाय तीसचं घर

सिडकोचे आखीव रस्ते मागे टाकून आपण नारेगाव, मिसारवाडीकडे वळलो की घरं एकमेकांना चिकटू लागतात. इथे प्लॉट ‘वीस बाय तीस’चा. म्हणजे 600 चौरस फूट, जेमतेम अर्धा गुंठा. शेतजमिनीचे असे तुकडे विकायला 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा यायचा, म्हणून खरेदीखताऐवजी बाँडपेपर. त्यावर बँक सहसा कर्ज देत नाही. आणि व्याज नको म्हणून आपली कित्येक कुटुंबं बँकेची पायरी चढतच नाहीत. मग भिशी लागते, अम्मीच्या बांगड्या मोडतात, मालकाला हप्ते जातात. आधी पत्रे, काही वर्षांनी स्लॅब.

या घरांना नुसतं बेकायदा म्हणून हिणवणं आम्हाला पटत नाही. सरकारनेच 2001 च्या गुंठेवारी कायद्याने ती नियमित करण्याची वाट काढली, आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची घरं त्यात घेतली. तरी शुल्क आणि नकाशाच्या खर्चापायी फाइल राहून जाते. 2025 मध्ये पडेगाव-मिटमिट्याकडे रस्त्यासाठी पाडापाडी झाली, तेव्हा लोकांना कागद आठवले.

आम्हाला काळजी आहे ती विरासतीची. उधारीचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आहे. कुरआनातली सर्वांत लांब आयत तीच. आणि आपला बाँड? वडिलांच्या नावावर, पेटीत घडी घातलेला. वडील गेल्यावर भाऊ वर मजला चढवतात. बहिणीचा हिस्सा त्या कागदावर कुठे लिहायचा, हे कुणी विचारत नाही.