चोर्ल्याच्या माथ्यावरून

जांबोटी मागे पडली, कणकुंबी आली आणि पाऊस कोसळू लागला. मलप्रभेचा उगम इथलाच. मोबाईल मुका झाला. मामांच्या छोट्या ट्रकमध्ये मात्र हॅम रेडिओ होता. परीक्षा देऊन मिळवलेला परवाना. त्यावर भाड्याचं, धंद्याचं बोलायचं नाही हा नियम मामा कटाक्षानं पाळत.

पहिली अँटेना त्यांनी आरशाच्या दांडीला बांधली होती. केबिन आड येई, एका बाजूचा आवाज क्षीण होई. मग सव्वा मीटरची काठी आणली, ती रस्त्यावरच्या फांद्यांनी वाकवली. हौदा लाकडी; अँटेनेला तर खाली धातूचा पत्रा हवा. शेवटी केबिनच्या टपावर, मधोमध, रंग खरवडून अर्ध्या मीटरची काठी बसवली. दोन मीटर बँडला तेवढी पुरते.

घाटमाथ्यावर पुढे झाड आडवं पडलेलं. उतारात शिरलो असतो तर डोंगर आड आला असता. मामांनी तिथूनच हाक दिली. खरखरीतून बेळगावचा आवाज आला, “एल्लिद्दीरि?”

“चोर्ल्याच्या माथ्यावर. रस्ता बंद आहे, पोलिसांना कळवा.”

कानडीत प्रश्न, मराठीत उत्तर. आपल्या भागात याला दुभाषी लागत नाही!