वसईच्या गावांतून

नालासोपारा पश्चिमेला उतरून निर्मळची रिक्षा धरली. स्टेशनाभोवतीच्या इमारती संपायचं नाव घेत नव्हत्या. मग सोपारा मागे पडलं आणि गास ओलांडल्यावर एकदम सावली लागली. दोन्ही बाजूंना केळी, माड, भाजीचे मांडव. वाऱ्याला खारा वास.

वाघोलीला उतरून पायीच निघालो. एका वाडीत बावखल दिसलं. पावसाचं पाणी धरून ठेवणारं हे खोल तळं. काठावर झाडांची दाटी, पाण्यावर शेवाळाचा हिरवा थर. समुद्र इतका जवळ, की जमिनीतलं गोडं पाणी जास्त उपसलं की खारं वर येतं. बावखल गोडं पाणी मुरवतं, म्हणून वाड्या टिकल्या. केळीला पाणी सोडणाऱ्या काकांनी पंपाचं पाणी माझ्या ओंजळीत सोडलं. गोड, गार पाणी. "शेजारचं बावखल भरणी टाकून बुजवलं," ते म्हणाले, "त्या विहिरीचं पाणी आता केळीला चालत नाही. पंचायत होती तेव्हा सरपंचाला दारात जाऊन विचारता यायचं."

ही पंचायत गेली जुलै २००९ मध्ये. चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. सुमारे १२ लाखांच्या शहरात या गावांचा आवाज किती उरणार? गावं पेटून उठली. हरित वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी आधीच चळवळ उभारलेली होती, त्यामुळे हिरवा पट्टा राखायचा म्हणजे काय, हे इथे कुणाला शिकवावं लागलं नाही. त्याच २००९ मध्ये, गावं वगळण्याच्या मागणीसाठी लढणारे विवेक पंडित अपक्ष म्हणून वसईतून विधानसभेवर निवडून आले. २०११ मध्ये सरकारनं २९ गावं वगळण्याचा निर्णय घेतला. महापालिका उच्च न्यायालयात गेली, स्थगिती आली आणि गावं आहेत तिथेच राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर सरकारनं ती महापालिकेतच ठेवण्याची अधिसूचना काढली. हरकतींसाठी गावकरी पुन्हा कागद घेऊन रांगेत उभे राहिले.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की २०२० पासून पुढे कित्येक वर्षं महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. म्हणजे ग्रामसभा गेली ती गेलीच, तेव्हा नगरसेवकही नव्हता. शहरांना सोयी लागतात, मान्य. गावांनाही रस्ते, पाणी, दवाखाना हवाच आहे. पण वाडीवर बांधकाम होऊ द्यायचं की नाही, हे वाडीवाल्यांना विचारायला नको?

निर्मळच्या तळ्यापाशी पोचेपर्यंत ऊन कललं होतं. चर्चची घंटा वाजली, पलीकडे देवळातही लोक होते. या लढ्यात दोन्हीकडची माणसं एकाच रांगेत आहेत.

इतक्या वर्षांत मंत्रालयानं निर्णय घेतले आणि फिरवले, न्यायालयात तारखा पडल्या. सार्वमत मात्र एकदाही झालं नाही. सरकारनं या २९ गावांना मतपेटीतून थेट विचारावं: महापालिका हवी की ग्रामपंचायत? आणि जे उत्तर येईल ते मानावं.